शामरावांची सावकाश पेटी

नव्वदच्या दशकात मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर होतो. तिथली काळी वाळू आंघोळ केली की निघायची, किस्से काही निघाले नाहीत. त्यातले निम्मे तर एकाच भांडणाचे: वजन भराभर उचललं तर ताकद जास्त लागते का?

आमचे मालक आण्णा. त्यांचं ठाम मत, लागतेच! धुळीवर उतारा म्हणून कामगारांना रोज गूळ मिळायचा. वजन वर चढवायच्या चेनपुलीची साखळी सपासप ओढणाऱ्या मारुती पैलवानाला दोन खडे, सावकाश ओढणाऱ्या म्हाताऱ्या शामरावांना एक.

मी नवा डिप्लोमावाला. म्हटलं, "आण्णा, वजन तेवढंच, उंची तेवढीच. मग काम पण तेवढंच."

"व्हय? मग ऑफिसचा जिना तू पळत चढ, मी चालत येतो."

मी पळालो. आण्णा मागून आले, तेही वाटेत चहा पिऊन.

"काम सारखंच झालं की! मग धापा का टाकतुयास?"

उत्तर मला येत होतं. बोलायला दम नव्हता.

*

पुढं एका कोपऱ्यात वजन उचलायचा विजेवरचा होइस्ट बसला. त्याला दोन बटणं, हळू आणि जलद. आण्णांनी जलदवर चिकटपट्टी लावली. "लाईट खातंय ते."

महिनाभरानं बघितलं तर मीटर होता तसाच पळतोय. आण्णांनी वीज बोर्डवाल्यांकडं अर्ज करून मीटर बदलून घेतला. नवाही तेच दाखवायला लागला.

"ह्यो पण त्यांच्यातलाच हाय," आण्णा म्हणाले.

*

एकदा मारुतीनं वाळू ठासून केलेल्या साच्याची पेटी अशी हिसडून वर नेली की आतली निम्मी वाळू जमिनीवर! मी धावत गेलो.

"साहेब, पेटी वर गेली का न्हाय?" मारुती छाती काढून म्हणाला.

"गेली की," शामराव म्हणाले. "साचा तेवढा खाली ऱ्हायला."

*

आणि मग आण्णांनी शामरावांना गेटवर बसवायचं ठरवलं. "ताकद संपली त्यांची." त्या दिवशी शामरावांनी डबासुद्धा उघडला नाही. "साहेब, येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम ठोकत बसू व्हय? हात हायत की अजून!" मला फार वाईट वाटलं. आण्णांच्या मागं लागून एक परीक्षा ठरवली. सारख्या दोन पेट्या, दोन चेनपुल्या, वरपर्यंत न्यायच्या.

परीक्षेच्या वेळी आण्णा गिऱ्हाइकाकडं गेले होते. मारुतीची पेटी बघता बघता वर गेली आणि तो तांब्याभर पाणी प्यायला. शामरावांनी मध्ये थांबून तंबाखू मळली, मग उरलेली साखळी ओढली.

आण्णांनी आल्या आल्या माझ्या हातातला वेळेचा कागद घेतला. "संपला विषय! मारुतीनं किती जास्त काम केलंय बघा."

शामराव पुढं आले. "मालक, दोन्ही पेट्या वर हायत. माझं काम कमी पडलंय न्हवं? मग त्यातली माझी कुठली, तेवढी दावा. बरोबर दावली की आत्ता गेटवर जाऊन बसतो."

सगळी फौंड्री हातातलं काम टाकून बघायला लागली. आण्णांनी लांबून बघितलं, जवळून बघितलं, एक डोळा मिटून बघितलं. मग ठासून डावीकडं बोट केलं.

"ही! जरा कमीच चढलीया."

ती मारुतीची होती!