लष्करी हिरव्यातला निळा

छापखान्यात छत्तीस वर्षं शाई जुळवलेल्या माणसाला रंगातलं कुणी शिकवू नये, अशी रंगमास्तरांची ठाम समजूत होती. निवृत्तीनंतर ते आणि त्यांचा धाकटा भाऊ वीतभर लांबीचे रणगाडे, लष्करी ट्रक जोडत बसायचे. जोडणं धाकट्याचं, हिरवा ठरवणं मास्तरांचं. डबीतला हिरवा एवढ्याशा गाडीवर जसाच्या तसा फासला तर काळा दिसतो. तो किती उजळायचा, हे नजरेनंच ठरतं. आणि नजर म्हणजे अर्थात मास्तरांची.

सहा वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात धाकटा चार माणसांदेखत म्हणाला, "दादा, तुझा हिरवा हल्ली निळ्याकडे झुकतोय."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तू चाकं चिकटव. रंगात नाक खुपसू नकोस."

धाकट्यानं आपलं सामान उचललं. घरं एका गल्लीच्या अंतरावर, पण त्यानंतर कुणी कुणाच्या दारात पाऊल ठेवलं नाही. मास्तरांच्या बायकोनं परोपरीनं समजावलं, पण मास्तर बधले नाहीत.

यंदा मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. दुसरी पट्टी निघाली त्या दिवशी ते घरी येऊन कपाटासमोर उभे राहिले, आणि जागीच खिळले. गेल्या काही वर्षांतल्या सगळ्या गाड्या निळसर होत्या. डोळ्यांवर पिवळट पडदा चढत गेला होता आणि त्याची भरपाई म्हणून हात नकळत निळा घालत होता. मास्तरांना स्वतःची लाज वाटली. भावाला उगाच तोडलं, हे मनात डाचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातला सर्वांत निळा ट्रक घेऊन ते धाकट्याकडे गेले. भावजयीनं दार उघडलं, पाणी आणून ठेवलं.

"तू म्हणालास ते खरं होतं," मास्तर म्हणाले. "निळाच आहे."

धाकट्यानं ट्रक खिडकीशी नेला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "कुठं निळा? अगदी बरोबर हिरवा आहे, दादा. मीच तेव्हा तोंड सोडलं. चुकलं माझं."

सहा वर्षं मास्तर याच शब्दांची वाट पाहत होते. नुसती मान हलवली असती तरी समेट झाला असता आणि मोठेपणही राहिलं असतं. क्षणभर मोह झालाही.

"नाही रे," ते म्हणाले. "तेव्हा तुझी नजर चांगली होती. आता तुलाही मोतीबिंदू झालाय. उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल."

धाकट्यानं भिंतीवरच्या फळीकडे बोट केलं. "आणि या गाड्या? या मी एकट्यानं रंगवल्या. तुझ्यावाचून जमतं, हे तुला दाखवायचं होतं."

मास्तरांनी पाहिलं. रणगाड्यांची अख्खी रांग, आणि तोच निळा. गेली काही वर्षं दोघे आपापल्या घरी एकेकटे बसून एकच चूक करत आले होते.

"निळ्या आहेत रे."

"सगळ्या?"

"सगळ्या," मास्तर म्हणाले. त्यांनी धाकट्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.