गंगारामच्या खिशातला कार्बन

किक मारून मारून माझी पोटरी भरून आली होती आणि गाडी साधं खोकतही नव्हती. साइडकारमध्ये राधाबाई कांबळे बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी फणसवाडीहून चालत आलेला शंकर घाम पुसत उभा होता. त्याच्या वहिनीला पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या.

"परब मिस्त्री, किती वेळ लागेल?" बाईंनी विचारलं.

"पाच मिनिटं," मी म्हणालो. काय बिघडलंय ते कळलेलं नसलं की मेकॅनिक पाच मिनिटंच सांगतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. त्या दिवशी हरताळ. गिरण्या बंद, ट्राम बंद, बस बंद, टॅक्सी दिसायला तयार नाही. जागोजागी पोलीस. फणसवाडी ते लालबाग यायला शंकरला दीड तास लागला होता. वहिनीचं पहिलं मूल पायाळू होतं आणि ते वाचलं नव्हतं. हेही पायाळूच आहे, असं राधाबाईंनी आठवड्यापूर्वी तपासून सांगितलं होतं. त्यामुळे पोरीने धसका घेतला होता. बाई येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, एवढंच ती म्हणत होती.

राधाबाई शिकलेल्या मिडवाइफ. बाळंतपणं करायला घरोघर जायच्या. नवरा गंगाराम गिरणीत फिटर. त्याने लष्कराच्या लिलावातली एक जुनी साइडकारवाली मोटरसायकल घेतली, स्वतः खोलून उभी केली आणि तो बायकोला तिच्यातून नेऊ लागला. चाळीत तिला 'बाईंची गाडी' म्हणत. दुरुस्तीला ती माझ्याकडे परळच्या गॅरेजात यायची. गंगाराम दर वेळी शेजारी उभा राहून माझ्या प्रत्येक नटावर लक्ष ठेवायचा.

गाडी ठेवायला अर्थातच जागा नव्हती. ती चाळीसमोर रस्त्यावर उघड्यावर असायची. एकदा पलीकडच्या चाळीसमोरून कोणाची तरी मोटरसायकल चोरीला गेली. दुसऱ्या दिवशी गंगाराम माझ्यापुढे हजर.

"मिस्त्री, कायतरी बंदोबस्त करा."

"साखळी लावता ना?"

"लावतो. पण कानस घेऊन आला कोणी, तर?"

त्याची भीती खोटी नव्हती. आताच्या गाड्यांना चावी असते. या गाडीला चावीच नव्हती. इंजिन फिरलं की मॅग्नेटो नावाचा डबा आपली वीज आपणच तयार करतो. ती वीज वायरने प्लगपर्यंत जाते, ठिणगी पडते, गाडी सुरू. म्हणजे साखळी तुटली की किक मारता येणारा कोणीही ती घेऊन जाऊ शकतो.

मी सीटखाली एक चोरस्विच बसवला. तो दाबला की मॅग्नेटोची वीज प्लगला न जाता चेसिसमध्ये उतरते. मग कितीही किका मारा.

"कोणाला सांगायचं नाही," गंगाराम म्हणाला.

"बाईंनाही नाही?"

"तिला कुठे चालवायचीय?"

मी पाने आवरायला लागलो. बोलायला हवं होतं.

हरताळाच्या सकाळी गंगाराम मोर्चात गेला आणि पोलिसांनी त्याला उचललं. शंकर निरोप घेऊन आला तेव्हा राधाबाई तडक माझ्या खोलीवर आल्या. गॅरेज बंदच होतं. माझी बायको मालवणकडची. तिने बाईंची बॅग पाहिली आणि माझं ताट बाजूला सारून म्हणाली, "बेगीन जावा. जेवक मागीर येवा."

साखळीची किल्ली घरी होती. चोरस्विच मला माहीत होता. दाबलेला तो मी परत वर केला, आणि किका मारत बसलो.

पेट्रोल येत होतं. प्लग काढला, इंजिनला टेकवला, किक मारली. ठिणगी नाही. वाटलं, माझाच स्विच बिघडला. त्याची वायर तोडून टाकली. तरी नाही. मग मॅग्नेटोचं झाकण उघडलं. आत एक कार्बन असतो, पेन्सिलीच्या तुकड्याएवढा. फिरत्या भागावरची वीज तो वायरला पोचवतो. स्प्रिंग जागेवर होती. कार्बन नव्हता.

"हा आपोआप पडत नाही," मी म्हणालो. "कोणीतरी काढलाय."

"काळी कांडी का? एवढीशी?" राधाबाईंनी बोटाचं पेर दाखवलं.

"हो. तुम्ही कुठे पाहिली?"

"ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते. खिशाला डाग पडतो म्हणून रोज ओरडते मी."

"आणि तो सदरा?"

"अंगात. आणि ते चौकीत."



दुकानं बंद होती. मी इकडेतिकडे पाहत होतो आणि माझी नजर बाईंच्या बॅगेतून डोकावणाऱ्या टॉर्चवर गेली. बॅटरीच्या सेलमध्ये मधोमध कार्बनचीच कांडी असते.

"बाई, एक सेल फोडावा लागेल. टॉर्च जाईल."

त्यांनी टॉर्च बाहेर काढला. त्यांच्या कामात टॉर्च म्हणजे तिसरा हात.

"फोडा. दिवा तिथे कोणीही धरेल. आधी पोचू तर द्या."

सेल फोडला. कांडी कानशीने घासत घासत बारीक केली. दोनदा मोडली, तिसऱ्यांदा बसली. किक मारली, आणि इंजिन धडधडलं. गॅलरीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सवयीने एक घोषणाही दिली.

शंकर मागे बसला. कुठला रस्ता मोकळा आहे ते त्याला ठाऊक होतं. भायखळ्याला एका सबइन्स्पेक्टरने अडवलंच.

"हरताळ आहे, कळत नाही?"

"साहेब, आम्हाला कळतं," राधाबाई म्हणाल्या. "बाळाला कोण सांगणार?"

त्याने बॅग उघडायला लावली. कात्री, उकळलेले बोळे, साबण पाहिला आणि हाताने 'जा' म्हणाला.

फणसवाडीत बाई जिना चढून गेल्या. मी गाडीपाशीच बसलो. साखळी लालबागला राहिली होती, स्विच मीच तोडला होता. एवढा बंदोबस्त करून शेवटी वॉचमन मीच.

दोन तासांनी राधाबाई खाली आल्या आणि पायरीवर बसल्या.

"मुलगी. उशिरा रडली, पण रडली. दोघी बऱ्या आहेत," म्हणाल्या आणि पाणी मागितलं. मी तोंड दुसरीकडे फिरवून उगाचच प्लग पुसत बसलो.

संध्याकाळी परत आलो तर गंगाराम घरी नव्हता. त्याला दुपारीच सोडलं होतं. गाडी जागेवर नाही म्हणून तो चोरीची तक्रार द्यायला पुन्हा त्याच चौकीत गेला होता. आम्ही तिथे पोचलो तेव्हा तो हवालदाराच्या नाकासमोर कार्बन नाचवत होता.

"हा माझ्याकडे असताना गाडी नेली म्हणजे चोर साधा नाही, साहेब. कारागीर आहे!"

"आभारी आहे," मी मागून म्हणालो.

बाहेर आल्यावर त्याने मान खाली घातली. "राग मानू नका, मिस्त्री. स्विच कुठे आहे ते तुम्हाला माहीत होतं ना, म्हणून..."

मला हसू आवरेना. राधाबाई हसल्या नाहीत. "परबांचं सोडा. माझ्यापासून का लपवलं?"

"तुला उगाच ताप नको म्हणून."

"ती पोरगी फणसवाडीत कळा देत माझी वाट बघत होती," त्या एवढंच म्हणाल्या.

पुढच्या रविवारी दोघं गॅरेजात आली. मी बाईंना स्विच दाखवला, कार्बन काढायला-घालायला शिकवलं. त्यांची बोटं नवऱ्यापेक्षा चपळ निघाली. महिन्याभरात त्या किकही मारायला लागल्या. गंगाराम साइडकारमध्ये बसून सूचना द्यायचा.

त्यानंतर मी कितीतरी गाड्यांना चोरस्विच बसवले. गिऱ्हाईक कितीही शपथा घालो, मी आधी एकच विचारतो, "घरात ही गाडी आणखी कोणाला लागते?" त्या माणसाला समोर आणल्याशिवाय मी पाना हातात घेत नाही.