हिरामण नाखव्याची ‘पुढची’

हिरामण नाखवा आमच्या रोडपालीत आला की त्याची वर्दी पहिली मांजरांना लागायची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुपारभर मेल्यासारखी पडलेली मांजरं अचानक उठून फाटकाकडे चालू लागली की मी बायकोला म्हणायचो, "नाखवा आला, चहा टाक." ती आधी खिडक्या उघडायची, मग चहा टाकायची. त्याच्या अंगाला, कपड्यांना, मोपेडला, इतकंच काय, त्याने आणून दिलेल्या लग्नपत्रिकेलासुद्धा मासळीच्या तेलाचा वास असे. कुणी नाक मुरडलं तर तो शांतपणे सांगायचा, "हा वास नाय. हे इंधन हाय."

नाखवा म्हणजे होडीचा मालक. हिरामणकडे होडी होती, पण ती चालवायला खाडी फारशी उरली नव्हती. पनवेलच्या खाडीकाठचं त्याचं गाव. एका बाजूने भराव पुढे सरकत आला, दुसऱ्या बाजूने इमारती. मुलं बंदरात नोकरीला लागली आणि होडी अंगणात येऊन पडली. दुसऱ्या कोणी तिच्यात कोंबड्या पाळल्या असत्या. हिरामणने तिला चाकं लावली.

आमची ओळख त्याआधीची. मी परिवहन खात्यात होतो. लायसनसाठी गाडी चालवून दाखवणाऱ्यांची परीक्षा घ्यायचो. या भागातल्या निम्म्या लोकांना मी कधी ना कधी नापास केलेलं आहे, आणि नाखव्याला दोनदा. दुसऱ्या वेळी तो भर रस्त्यात थांबून समोरच्या ट्रकवाल्याला हातवारे करून विचारत होता, "तू जातोस का मी जाऊ?" मी शेरा मारला, वाहनावर ताबा नाही. निवृत्त झाल्यावर एका दुपारी मांजरांची मिरवणूक घेऊन तो दारात उभा. "सायेब, तुमच्यावर माझा राग हाय. पन गाडीतलं तुमालाच कळतं. एक गाडी केलीय, बघायला चला."

गेलो. अंगणात जे उभं होतं त्याला गाडी म्हणायला माझी जीभ रेटेना. फायबरची होडी, पुढे दोन चाकं, मागे एक, मधोमध होडीचंच जुनं इंजिन. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, नवेपणी रंगवलेले डोळे तसेच होते आणि त्यांच्याखाली लाल अक्षरात नाव, ‘पुढची’.

"पुढची म्हणजे?"

"आताची सगल्यांकडं हाय," नाखवा म्हणाला. "ही पुढची. पन्नास वर्सांनी समदे हीच चालवनार."

आत स्टिअरिंग नव्हतं. मागच्या चाकाला होडीचं सुकाणू जोडलेलं होतं आणि त्याचा लांब लाकडी दांडा चालवणाऱ्याच्या काखेत येत होता. होडीत दांडा ज्या बाजूला ढकलाल त्याच्या उलट बाजूला होडी वळते. नाखव्याने गाडीतही तेच ठेवलं होतं. मी म्हटलं, "हे उलटं आहे." तो म्हणाला, "तुमचं उलटं हाय. माझा आजा, पनजा असंच वळत आले, कोन आपटला नाय." मग माझ्याकडे खालून वर पाहत म्हणाला, "तुमी कोरडवाहू माणसं." हा त्याचा आवडता शब्द. ज्याला पाण्यातलं कळत नाही तो कोरडवाहू. भराव टाकणारा कोरडवाहू, दूरदर्शनवर हवामान सांगणारी कोरडवाहू आणि मी तर त्यांचा मुकादम.

इंधन त्याची बायको चांगुणाबाई करायची, म्हणजे नाखवा हुकूम सोडायचा आणि ती करायची. बाजारात मासळी साफ करून उरलेली डोकी, आतडी ती पिंप भरून आणायची, उकळायची, वर आलेलं तेल काढायची. त्यात कॉस्टिक आणि स्पिरिट घालायचं, किती घालायचं हे नाखवा वासावर ठरवायचा. कधी साधायचं, कधी सगळ्याचा साबण व्हायचा. मग महिनाभर त्यांच्या घरची भांडी बांगड्याच्या वासाच्या साबणाने घासली जायची आणि तिथला चहा पिण्यासाठी मैत्री लागायची. चांगुणाबाई मला म्हणायची, "भावोजी, यांना समजवा. माज्या नातवाला शाळंत मास्तरीन नाक धरून शिकवते."

पण साधलं की गाडी चालायची. मिठागराच्या बांधावरून ती टुकटुक करत निघाली की मागे बांगडा तळल्याचा धूर आणि धुरामागे गावची सगळी मांजरं. आमच्या घरी मात्र वेगळाच प्रश्न उभा राहिला. बायको म्हणाली, "श्रावणात तुम्ही त्या गाडीत बसायचं नाही." मी म्हटलं, "अगं, मी खात नाही, नुसता बसतो." ती म्हणाली, "धूर नाकात जातो ना?" मी हे नाखव्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच विचारात पडला. म्हणाला, "वयनी बरोबर बोलतात. श्रावणापुरतं खोबऱ्याचं तेल घालून बघू." बघितलं. गाडी हलली नाही, पण मंदिरासारखा वास आला.

एकदा मी त्याला खारघरच्या एका मॉलमध्ये घेऊन गेलो. तिथे भविष्यातली गाडी म्हणून एक चांदीच्या रंगाची वस्तू गोल फिरणाऱ्या ओट्यावर ठेवली होती. दारं पंखांसारखी वर उघडत होती. माहिती देणारी मुलगी म्हणाली, "सर, ही हायड्रोजनवर चालेल. हिच्या धुराड्यातून फक्त पाणी येईल."

"येईल म्हंजे? आता येत नाय?"

"सर, ही अजून कन्सेप्ट आहे."

"चालवून दाखव."

"ही चालत नाही, सर. फक्त फिरते."

परतताना नाखवा मान वळवून वळवून मागे बघत होता. मला वाटलं, थट्टा करायला शब्द शोधतोय. पण गडी दारांवर भाळला होता. आठवड्याभरात ‘पुढची’ला वर टप करून त्याने पंखांची दारं बसवली आणि ती वर धरायला दोन वल्ही लावली. पहिलं दार माझ्या डोक्यात पडलं. "पंख हाय," तो म्हणाला, "कधी मिटनारच."

एवढ्या खटाटोपामागे त्याचा एक हट्ट होता. गावच्या धक्क्यालगत मच्छीमार सोसायटीची एक रिकामी शेड होती. ती आपल्याला मिळावी, तिथे मोठी भट्टी लावावी, बाजारातली घाण वाया न जाता तिचं तेल व्हावं आणि डिझेल परवडत नाही म्हणून बांधून ठेवलेल्या चार-सहा होड्या पुन्हा सुटाव्यात. "ह्या खाडीत परत इंजनाचा आवाज आयकायचा हाय मला," असं तो म्हणायचा, तेव्हा मात्र थट्टेत नसायचा. सोसायटीचा चेअरमन लहू पाटील. सोसायटी मच्छीमारांची होती, पण लहूचे डंपर भराव टाकायला जात. होडीत तो शाळेत असताना शेवटचा बसला असेल. तो म्हणाला, "नारळी पुनवंला सगली कमिटी धक्क्यावर असते. तुजी गाडी सगल्यांसमोर नीट चालव आनि साठेसायबांना पसंत पडू दे. शेड तुजी." साठेसाहेब म्हणजे मी.

नारळी पौर्णिमेची सकाळ. पाणी ओसरलेलं होतं, धक्क्याच्या डाव्या बाजूला नुसता काळा चिखल. ‘पुढची’ला झेंडूच्या माळा घातलेल्या. पोरांनी फटाके लावले. मी बायकोची नजर चुकवून, श्रावण मोडून, नाखव्याच्या शेजारी बसलो. गाडी गावातून अशी झोकात निघाली की लहूसुद्धा टाळ्या वाजवायला लागला. आणि तिथेच नाखव्याचं डोकं फिरलं. त्याला लोकांना नमस्कार करायचा होता. तो उठून दारातून कमरेपर्यंत बाहेर आला, दोन्ही हात जोडले आणि मला म्हणाला, "सायेब, धरा जरा."

मी दांडा धरला. टप आणि पंख यांच्यामुळे बाहेरून आत कोण काय करतंय ते दिसत नव्हतं. पुढे रस्ता उजवीकडे वळत होता. मी, सबंध आयुष्य लोकांना वळण नीट घेतलं नाही म्हणून नापास करणारा माणूस, दांडा उजवीकडे ढकलला.

गाडी डावीकडे वळली. मी आणखी जोरात उजवीकडे ढकलला. ती आणखी डावीकडे वळली. ब्रेक होता, पण तो नाखव्याच्या पायाशी, आणि नाखवा नमस्कारात. धक्क्याच्या उतारावरून आम्ही माळांसकट खाली गेलो आणि चिखलात रुतलो.

वरून लहूने ओरडून विचारलं, "साठेसायेब, काय झालं?"

त्या वेळी मला खरं बोलता आलं असतं. वर सबंध गाव उभं होतं, त्यात मी नापास केलेले बरेच. माझ्या चष्म्यावर चिखल होता. मी म्हणालो, "सुकाणू अडकलं. वळलंच नाही."

नाखवा शेजारून ओरडला, "अडकलं कुठं? ह्यानं उलटं मारलं!"

वर हशा पिकला. लहू म्हणाला, "नाखवा, आता सायबांवर ढकलतोस व्हय? जल्म गेला त्यांचा गाड्यांत." मग कमिटी जेवायला निघून गेली. निकाल लागला होता.

आम्ही दोघं चिखलात बसून राहिलो, कारण उतरलो असतो तर कंबरभर रुतलो असतो. नाखव्याने मला जे ऐकवलं त्यातलं छापण्यासारखं एवढंच, "दोनदा नापास केलंस मला. आता तिसऱ्यांदा." त्या दिवसापासून तो मला अरे-तुरे करू लागला. धक्क्यावर फक्त चांगुणाबाई उरली होती आणि मांजरं.

मग भरतीचं पाणी आलं. आधी चाकांखाली, मग बुडाशी, आणि ‘पुढची’ अलगद उचलली गेली. शेवटी ती होडीच होती. नाखव्याने पंखांची वल्ही काढली, दारं धाडकन मिटली, आणि टपाबाहेर नाळेवर बसून तो गाडी वल्हवत धक्क्याला घेऊन आला. रस्त्यावर आणि पाण्यात दोन्हीकडे चालणारी गाडी त्या दिवशी पनवेलच्या खाडीत झाली, आणि ती बघायला कमिटीतलं कोणी नव्हतं. सगळे नारळीभात खात होते.

शेड एका फोटोवाल्याला गेली. तिथे आता लग्न ठरलेली जोडपी कोळ्यांच्या वेशात फोटो काढून घेतात. नाखवा मात्र भेटेल त्याला सांगत राहिला, "सायबानं उलटं मारलं." लोकांनी त्याला खोटारडा ठरवलं, पोरं तर कोणी थाप मारली की ‘नाखवागिरी’ म्हणू लागली. जुने दोन-चार म्हातारे तेवढे त्याच्या बाजूने होते, पण त्यांचं ऐकतो कोण? आणि तरीही तो माझ्याकडे येत राहिला. कुठे ओळख करून द्यायची झाली तर म्हणायचा, "हा साठे. ह्यानं माझी गाडी बुडवली. खोटं बोलतो, पन माणूस बरा हाय." लोकांना वाटे, दोस्तांची मस्करी. ते हसत. मीही हसायचो. चिखलातलं ते एक वाक्य घाबरून निघालं, असं मी स्वतःला पटवू शकतो. पण हे हसणं वर्षानुवर्षांचं आहे, त्याला असलं काही कारण सापडत नाही.

मागच्या वर्षी तो आजारी पडला. दवाखान्यात गेलो तेव्हा नर्सने खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. मी त्याचा हात धरून म्हणालो, "नाखवा, त्या दिवशी मी उलटं मारलं."

त्याने हात सोडवून घेतला. "मला काय सांगतोस? मी शेजारीच होतो. त्यांना सांग."

"सांगतो. तू बरा होऊन घरी ये, तुझ्यासमोर सांगतो."

"सांग जा, कोरडवाहू," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला. तो घरी आला नाही.

त्याच्या बाराव्याला अंगणात सगळं गाव होतं. लहूने नाखव्याबद्दल चार चांगले शब्द बोलून शेवटी, "थापा मारायचा, पन मनानं निर्मल," असं म्हटलं. मी उठलो आणि सगळं सांगितलं. वळण, दांडा, चिखल, चष्मा. सांगून झाल्यावर लहूने डोळे पुसले आणि म्हणाला, "सायेब, मोठं मन तुमचं. मेलेल्या दोस्तासाठी स्वतःवर घेता." लोकांनी माना डोलावल्या. एक बाई तर माझ्या पाया पडली.

मी हताश होऊन चांगुणाबाईकडे पाहिलं. ती उठली. ‘पुढची’ अंगणातच उभी होती, माळांचे नुसते दोरे उरलेले. तिने टपावरचं कापड ओढून काढलं. "लहू, बस आत."

"काकी, आज कशाला?"

"बस म्हनलं ना. हे चौघं मागून ढकलतील. डावीकडं माज्या कोंबड्या हायत, तर उजवीकडनं ने. एवढंच कर."

चेअरमन हसत हसत बसला. चौघांनी ढकललं. गाडी हलली, खुराडं जवळ आलं, लहूने दांडा उजवीकडे लोटला आणि गाडी डावीकडे वळली. तो दचकला, आणखी लोटला. खुराड्याची फळी मोडली, कोंबड्या उडाल्या. लहू पिसं झटकत बाहेर आला तेव्हा कोणी हसत नव्हतं. तो गाडीच्या रंगवलेल्या डोळ्यांकडे पाहत म्हणाला, "नाखवा खरं बोलत व्हता."

"परत बोल," चांगुणाबाई म्हणाली. "मागच्यांना आयकू गेलं नाय."

तो परत, मोठ्याने बोलला. मग ती माझ्याकडे वळली. "भावोजी, आता तुमी दाखवा कसं न्यायचं. तुमाला तर म्हाईत हाय."

मला माहीत होतंच. इतकी वर्षं रोज ते एक वळण मी मनातल्या मनात नीट घेत आलो होतो. मी बसलो, दांडा काखेत घेतला. चौघांनी ढकललं. गाडी निघाली, मोडकं खुराडं समोर आलं, उरलेल्या कोंबड्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझा हात उजवीकडे गेला.

खुराड्याची दुसरी बाजूही गेली. पिसं खाली बसली तेव्हा चांगुणाबाई पदराने डोळे पुसत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम.

"कोरडवाहू," ती म्हणाली.