कुलरच्या मोटरीवर बाबांचं अक्षर

हिंगण्याच्या आमच्या युनिटमध्ये जुने कुलर दुरुस्त होऊन पुन्हा विकायला जातात. आज दुपारी दुरुस्ती करणाऱ्या शोभाताईंनी एक मोटर उघडली आणि मला हाक मारली. "मॅडम, आतमंदी कोणी काही लिहिलं आहे, पाहा."

झाकणाच्या आत खिळ्यानं कोरलं होतं, 'बुश नवीन टाकला. मोटर चांगली आहे, फेकू नका.'

आखूड शेपटीचा तो 'फ' माझ्या बाबांचाच. सीताबर्डीतल्या त्यांच्या कुलर दुरुस्तीच्या दुकानात ते पुढच्या मिस्त्रीसाठी असा निरोप ठेवायचे. मला मात्र म्हणायचे, "तू शिक वं, भंगारात हात नको घालू."

मी शिकले, इंजिनिअर झाले आणि इथेच आले. हे पाहायला ते राहिले नाहीत.

पुन्हा झिजलेला बुश बदलून मी बाबांच्या ओळीखाली कोरलं, 'नाही फेकली, बाबा.'

मग मोटर कुलरमध्ये बसवून सुरू केली आणि बराच वेळ त्या वाऱ्यासमोर उभी राहिले.

तुमच्या घरी असं कोणाच्या हातचं काही अजून सुरू आहे का?