गोठ्यामागची फाईल

आमच्या पल्लवीच्या लग्नाचा मी जो व्हिडिओ काढला, त्यात पल्लवी नाही. नवरदेवही नाही. माझ्या नव्या चपला मात्र भरपूर आहेत.

लग्नाला व्हिडिओवाला ठरवलेला होता, पण त्या लोकांना दागिने दिसतात, माणसं दिसत नाहीत, असं माझं ठाम मत. म्हणून मी स्वतः मोबाईल घेऊन उभा राहिलो. (आमची ही म्हणाली होती, "अहो, तुम्ही फक्त अक्षता टाका." ऐकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.) लाल बटण दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद, इतकं सोपं काम. पण पहिल्यांदाच मी ते घाईत दोनदा दाबलं असावं, आणि तिथून पुढे सगळी गंगा उलटी वाहिली. हात उंच करून मंगलाष्टकं टिपत होतो तेव्हा मोबाईल बंद, आणि तो खाली लटकवून गप्पा मारत होतो तेव्हा चालू! सारी नोकरी मी डहाणूला रेल्वेच्या तिकीट खिडकीवर काढली. वाणगावच्या माणसाला कधी चुकून विरारचं तिकीट दिलं नाही. पण बटणांचं आणि माझं जमत नाही ते नाहीच.

ती फाईल मी घरच्या कॉम्प्युटरवर चढवून ठेवली आणि कुणी विचारलं की सांगायचो, "एडिटिंग चालू आहे." एडिटिंग म्हणजे काय, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. दिवाळीत जावयांनी, म्हणजे रोहनने, नवीन टीव्ही आणून वायफायची काहीतरी जोडाजोडी करून दिली, तेव्हाही मी फक्त "वा, वा" म्हटलं होतं.

आणि एके दिवशी विहीणबाईंचा फोन आला. "रविवारी येतोय जेवायला. तुमचा तो व्हिडिओ बघू."

विहीणबाई हसत नाहीत. रागावतही नाहीत. नुसत्या बघतात. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या कुशीत त्यांचं गाव. भाताची आणि नागलीची शेती, दारात गोठा, माणसं सरळ. लग्न त्यांच्याच अंगणात झालं.

रविवारी सकाळी मी पहिल्यांदाच ती फाईल उघडून पाहिली. चपलांच्या चित्रावर माझाच आवाज मेहुण्याला सांगत होता, "केवढा चढ रे हा! सपाटीवर वाढलेली माझी पोर. आणि विहीणबाई बघितल्यास? सकाळपासून एकदा हसल्या नाहीत. कसं व्हायचं रे तिचं इथे?"

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पोरीचा निरोप घेण्याआधी मी गोठ्यामागे जाऊन रडलो होतो, हे फक्त मला आणि एका म्हशीला माहीत होतं. आता कळलं की मोबाईललाही माहीत आहे. चिकूच्या फांदीवरून उतरायला घाबरणारी पोर मी आपल्या हाताने डोंगरावर नेऊन ठेवली, असं काहीबाही बडबडत मी हुंदका देतो, आणि म्हैस ओरडते. मी पुन्हा हुंदका देतो. म्हैस पुन्हा ओरडते. दोघांचा सूर छान लागला आहे.

हसू नका. माझी पोर त्या घरात नांदत होती. वर्षभरात तिने सासूशी जे जोडलं होतं, ते माझ्या एका वाक्याने तुटलं असतं. फाईल उडवायची आणि "खराब झाली" म्हणून सांगायचं, असं मी ठरवलं. ठरेपर्यंत मंडळी दारात हजर. विहीणबाई, व्याही, रोहन, पल्लवी आणि नागलीच्या पिठाची भलीमोठी पिशवी.

"बसा, बसा. मी व्हिडिओ तयार करतो," असं म्हणून मी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि फाईल डिलीट केली. कॉम्प्युटर म्हणाला, ही फाईल दुसरीकडे उघडी आहे, ती बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा. खाली दोन बटणं, पुन्हा प्रयत्न करा आणि रद्द करा. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच! तिचं नाव बदलायला गेलो, बदलेना. वीजबिलांच्या फोल्डरमध्ये लपवायला गेलो, हलेना. मी हळूच स्टेशनजवळच्या दुकानातल्या केतनभाईंना फोन लावला. आमचा कॉम्प्युटर त्यांच्याचकडचा.

"काका, टेन्शन नहीं लेवानु," ते आपल्या गुजराती-मराठीत म्हणाले. "फाईल कुठेतरी चालू छे. जे जे उघडं असेल ते बंद करा. पछी शिफ्ट दाबून डिलीट मारा. कायमची जाईल."

मी सगळं बंद केलं. तेवढ्यात कुठून तरी बारीक आवाज आला, "केवढा चढ रे हा!" माझाच आवाज! मी स्पीकर बंद केला. आवाज चालूच. स्पीकरची वायर उपटली. तरी आवाज चालूच.

"केतनभाई, फाईल बंद आहे आणि बोलतेय!"

"एवुं ना होय, काका. कॉम्प्युटर बंद करून चालू करा."

तसं केलं. बाहेरून पल्लवीचा आवाज आला, "अरे, थांबलं!" आणि रोहनचा, "वायफाय गेलं वाटतं. येईल परत." मला वाटलं, क्रिकेट बघतायत. कॉम्प्युटर डोळे चोळत उठला. मी शिफ्ट दाबून डिलीट मारलं. फाईल दुसरीकडे उघडी आहे! आणि भिंतीपलीकडून म्हैस ओरडली.

आता डहाणूत आमच्या गल्लीत म्हैस नाही.

मी दार उघडलं तर समोर विहीणबाई उभ्या. त्यांच्या मागे टीव्हीवर गोठ्याची भिंत आणि माझ्या चपला. दिवाळीतल्या त्या जोडाजोडीचा अर्थ मला तेव्हा कळला: कॉम्प्युटरमधलं सगळं टीव्हीवर दिसतं. मी आत जी फाईल पुसायला धडपडत होतो, ती बाहेर सगळे मिळून बघत होते.

"सगळा बघितलात?" मी विचारलं.

"म्हशीपर्यंत," त्या म्हणाल्या आणि आत येऊन माझ्या खुर्चीवर बसल्या. मी उभाच राहिलो.

"मी नरपडची, व्याही. दारात समुद्र बघत वाढलेली. मला इकडं डोंगरात दिली, तेव्हा निघायच्या वेळी बाप जागेवर नव्हता. आला तो डोळे लाल करून. विचारलं तर बोलला, चुलीचा धूर गेला. मी म्हटलं, याला माझं काहीच नाही. किती वर्षं तेच मनात धरून होते. आज कळलं, तो कुठं गेला असेल ते."

पल्लवी दारात डोळे पुसत होती. मग ती आत येऊन सासूच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, तेव्हा तो चढ मला एकदम छोटा वाटला.

"आणि हसायचं म्हणाल," विहीणबाई म्हणाल्या, "तर त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती. आता हा व्हिडिओ मला पेनड्राईव्हमध्ये घालून द्या. घरी नेते."

रोहनने टीव्ही बंद केला. तेवढ्यात माझं लक्ष कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेलं. ती डिलीटची चौकट तिथे तशीच उघडी होती. यांनी ती वाचली तर काय म्हणतील, या भीतीने मी ती घाईघाईने रद्द करायला गेलो. बटणं दोन होती. मी चुकीचं दाबलं.

टीव्ही बंद झाल्यामुळे मोकळी झालेली ती फाईल, सकाळपासून जागची न हललेली, डोळ्यांदेखत गेली. शिफ्ट दाबलेलं, त्यामुळे कचऱ्याच्या डब्यातही नाही. मोबाईलमधली फाईल तर जागा करायला मी कधीच पुसली होती. केतनभाईंनी दुसऱ्या दिवशी येऊन बराच वेळ खटपट केली आणि हात झटकले. "काका, ए तो गई."

त्यामुळे आता आम्ही तलासरीकडे गेलो, की रात्रीच्या जेवणाआधी विहीणबाई ओसरीवर बसतात, शेजारीपाजारी जमतात आणि मला गोठ्याजवळ उभं राहून सगळं पहिल्यापासून करून दाखवावं लागतं. म्हशीचं काम व्याही स्वतः करतात. विहीणबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात, आणि त्यांचं स्पष्ट मत आहे की म्हैस माझ्यापेक्षा चांगली रडते.