पाडा पितो ते पाणी

आता आमच्या पाड्याला कुणी पाडा म्हणत नाही. स्टेशनावर उतरलेला माणूस विचारतो, "तळ्याकाठची नवी आळी कुठे?" आणि आमचीच पोरं बोट करून दाखवतात. मला विचारलं तर मी सांगते, असली आळी इथे नाही. ज्या तळ्याचं नाव लावून ही आळी मिरवते, त्या तळ्याशी जाऊन एकदा मोठा श्वास घ्या, मग मला खोटी म्हणा.

मी शाळेत गेलेली बाई नव्हे. चाळीतल्या कुणाची तरी फुटकी पाटी उकिरड्यावर सापडली आणि वाण्याच्या पुड्यांचे कागद घरात येत होते, त्यांवर अक्षरं जुळवत शिकले. त्यामुळे बोलते तशीच लिहिते. दादाच्या मोठ्या मुलीच्या लग्नात जे पाहिलं त्यानं माझं मन विटलं ते विटलंच. इतकी वर्षं झाली, दादा वर गेला, तरी चाळीवरून जाताना तोंडाला कडू पाणी सुटतं. ते एकदा सांगून टाकते.

आम्ही आगरी. बापजाद्यांनी मिठागरावर पाय सोलून घेतले आणि पावसाळ्यात भात लावलं. ठाण्याची पेठ एका अंगाला, खाडी दुसऱ्या अंगाला, मधे आमचा पाडा आणि पाड्याचं तळं. तळ्याच्या उगवतीकडच्या पायऱ्या प्यायच्या पाण्याच्या. तिथे कुणी पाय बुडवत नसे, म्हशी पलीकडच्या काठाला, धुणं त्याहून पलीकडे. लहानपणी मी त्या पायरीवर थुंकले तर आईनं मला अशी झोडपली की आजही पाणी बघितलं की थुंकी आत गिळते.

मग आगगाडी आली. आली तेव्हा सगळा पाडा नारळ घेऊन बघायला गेला होता, मीही काखेत होते म्हणे. पुढे मुंबईच्या कचेऱ्यांतले कारकून ठाण्याला बिऱ्हाडं करू लागले. स्टेशन जवळ, पेठ जवळ, हवा मोकळी. तळ्याकाठी आमचं खळं होतं, बाबा गेल्यावर ते दादाच्या वाट्याला आलं. दादानं खळं मोडून तिथे दुमजली चाळ उभी केली. पुढे लांबलचक लाकडी सज्जा, मागे संडासांची रांग, अंगणात नवी विहीर. भाडेकरू माणसं वाईट नव्हती हो. सकाळी छत्र्या घेऊन ओळीनं निघायची, संध्याकाळी ओळीनं परत यायची. त्यांच्यातल्या एकीनं मला लिंबाचं लोणचंही दिलं होतं, लांबून का होईना.

बदलला तो आमचा दादा. कोट घालू लागला. घरात सुकी मासळी आणायची नाही, म्हणाला, भाडेकरूंना वास जातो. आणि दुपारच्याला हाच माणूस माझ्या घरी यायचा, दार लोटून घ्यायचा, चुलीपुढे बसून सुकट आणि भाकर हाणायचा. मग राखेनं हात घासायचा, नाकाशी नेऊन हुंगायचा, पुन्हा घासायचा. माझं सासर माहेरापासून चार घरांवर, म्हणून हे माझ्या नशिबी. मी म्हणायची, "दादा, लिंबू देऊ का?" त्याला चिडवलेलंही कळायचं नाही. "दे," म्हणायचा.

संडास साफ करणारा माणूस आधी रोज यायचा. मग दिवसाआड, मग कधी तरी. भाडेकरू ओरडायला लागले तेव्हा दादानं काय करावं? मागची भिंत फोडून एक मोरी काढली आणि ती सरळ तळ्यात सोडली. मी विचारलं तर म्हणाला, "तळं केवढं आहे बघ. सामावून घेईल." तळ्यानं काही दिवस सामावलं. मग मासे उलटे होऊन वर आले. मग पाण्यावर हिरवी-काळी साय धरली आणि सायीवर नको ते तरंगायला लागलं. बायकांनी तळं सोडलं, बाळकुमच्या वाटेवरच्या विहिरीवर जायला लागल्या. लांबचा पल्ला, डोक्यावर दोन-दोन हंडे. दादाच्या अंगणातली विहीर मात्र भरलेली. तिच्यावर आपण का जात नाही, हे कुणी कुणाला विचारलं नाही. भाडेकरू सोवळ्याची माणसं, तेव्हा ते समजून घ्यायचंच होतं. पण त्यातली खरी गोम मला पोरीच्या हळदीच्या रविवारपर्यंत कळली नव्हती.

आता आत्याबद्दल सांगते. माझी आत्या पाड्याची धवलारीण. आमच्यात लग्नाला भटजी येत नसत. धवलारीण धवले गायची आणि त्या गाण्यावर लग्न लागायचं. हळद तिच्या शब्दानं लागायची, नवरी तिच्या शब्दानं उठायची. माझं लग्न तिनं लावलं, दादाचं तिनं लावलं. आणि तिचा एक नियम होता. नवरीची हळद उतरवायचं पाणी पाड्याचं हवं. सगळ्या बाया मातीचे करे घेऊन तळ्यावर जायच्या, पहिला करा धवलारीण बुडवायची. त्या पाण्याशिवाय धवला नाही, आणि धवल्याशिवाय पोरगी लग्नाची नाही.

दादाच्या मुलीची सोयरीक कल्याणला जुळली. तिकडचे व्याहीही आमच्यासारखेच, जमिनी स्टेशनाखाली गेल्या आणि अंगावर कोट आले. दादानं भटजी ठरवला. एका दुपारी वहिनी आत्याच्या ओट्यावर येऊन बसली. मी तिथे तांदूळ पाखडत होते.

"आत्या, धवले तर तुम्हीच म्हणायचे," वहिनी म्हणाली. "फक्त मागल्या पडवीत बसून. आणि जरा हळू."

"हलू म्हंजे कवरा हलू?"

"म्हणजे सज्ज्यापर्यंत जायला नको."

"बाये, धवला काय चोरीचा माल हाय, मागल्या दारान घालाला?"

"यांचं म्हणणं, कल्याणची माणसं काय म्हणतील."

"कल्यानच्या याह्याचा सोताचा लगीन कुनी लावला, इचार त्याला. माझे मावशीन लावला. मांडवान झोपला होता तो, तिनं कान धरून उठवला."

वहिनीला हसू आलं आणि हसता हसता रडूच आलं. "पोरगी हटून बसलीय, आत्या. म्हणते, आजीच्या धवल्याबिगर मी भटजीपुढं उभी राहणार नाही. आणि हे म्हणतात, गाण्याचा आवाज झाला तर मांडव मोडीन. मी कुणाची समजूत घालू?"

आत्यानं माझ्या सुपातला खडा वेचून अंगणात टाकला. मग म्हणाली, "पोरीसाठी बसन मी पडवीन. पन पानी आनाला पुढल्या दारान जाईन. गात जाईन."

हळदीचा दिवस रविवारचा. कचेऱ्या बंद, त्यामुळे सगळे कारकून सज्ज्यात, कुणी पान लावतोय, कुणी वर्तमानपत्र वाचतोय. आम्ही बाया हिरवी लुगडी नेसून, करे घेऊन निघालो. पुढे आत्या, म्हातारी पण आवाज असा की खाडीपलीकडे जावा.

तलियाचे पानी गो, माझे बायेच्या अंगी...

पायऱ्यांशी आलो आणि मागच्या बायांचं गाणं आपोआप बंद पडलं. एकीनं पदर नाकाला लावला, मग सगळ्यांनी. उन्हानं ती साय फुगली होती. मोरीचं तोंड पायऱ्यांच्या अगदी वरच, त्यातून घळघळ चालूच होती. ज्या पायरीवर मी थुंकले म्हणून मार खाल्ला होता, त्या पायरीवर काय बसलं होतं ते मी लिहीत नाही. एकटी आत्या गात खाली उतरली, वाकली. तिच्या हातातला करा पाण्यापासून वीतभर वर थांबला. तशीच वाकलेली राहिली. मग सरळ झाली आणि म्हणाली, "बोलवा त्याला."

दादा छत्री घेऊनच आला.

"या पान्यान नवरीला न्हाऊ घालू?" आत्यानं विचारलं.

"असं का बोलतेस, आत्या? इथलं कशाला? आपली विहीर आहे ना अंगणात. तिथलं घ्या," दादा म्हणाला.

सज्ज्यातून एक वयस्कर गृहस्थ वाकले. आवाज अगदी गोड. "शेठ, आपलं ठरलंय हं. विहिरीला बाहेरचा हात लागायचा नाही." दुसरे एक म्हणाले, "अहो, शुभकार्य आहे. आमचा गडी शेंदून देईल, वरून ओतेल त्यांच्या मडक्यांत. काय अडलंय?" ते खरंच भलेपणानं म्हणाले. तेच तर!

"हो, हो," दादा वर बघून हसला. "ऐकलंस ना, आत्या? वरून ओततील. पाणी ते पाणी."

"इहीर तुझी?" आत्या म्हणाली.

"माझीच."

"तुझे बापाचे खल्यान खनली?"

"हो."

"मंग तू शेंद. तुझे हातचा घेते."

दादानं छत्री या हातातून त्या हातात घेतली. सज्ज्याकडे बघितलं. जागचा हलला नाही. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. भाडेकरू मिळावेत म्हणून या माणसानं जो शब्द दिला होता, त्यात तो स्वतःही बाहेरचाच होता. स्वतःच्या पैशानं खणलेल्या विहिरीत तो पोहरा सोडू शकत नव्हता. त्याच्या घरातलं पिण्याचं पाणीही वरूनच ओतून येत असणार, आणि हा ते पिऊन आम्हाला सुधारणा सांगत होता. मी तोंड फिरवलं. तळ्याच्या वासानं नव्हे.

आत्यानं रिकामा करा पायरीवर पालथा घातला आणि चालायला लागली. आम्ही सगळ्या मागोमाग.

घरी पोरगी पाटावर बसलेली, डोक्यापासून पायापर्यंत हळद, सुकून तडकायला लागलेली. आम्हाला रिकाम्या हातानं आलेलं बघून तिनं आमच्याबरोबर आलेल्या आईकडे पाहिलं.

"गडी आणतोय पाणी," वहिनी म्हणाली.

"कुठलं पाणी?"

वहिनी हळदीची वाटी आवरायला लागली. मीच सांगितलं. मोरी, सज्जा, छत्री, सगळं. पोरीनं ऐकून घेतलं. दादाची पोरगी खरी, पण डोकं आत्याचं.

"आजी, तू घरी कुठलं पाणी पितेस?"

"बालकुमचे वाटंवरचा. तुना ठावं हाय."

"आणि पाड्यातली बाकीची घरं?"

"समदी तीच."

"मग पाड्याचं पाणी तेच नाही का?"

आत्यानं तिच्याकडे असं बघितलं, जणू पोरीचं वय आज तिला पहिल्यांदा दिसत होतं. "पारा पितो ता पानी," ती पुटपुटली. "तसाच हाय. तसाच हाय गो."

हळद लागलेली नवरी उंबरा ओलांडत नाही. ही ओलांडून गेली, तीही पुढल्या दारानं. आत्याचं अंगण चाळीच्या अगदी समोर, सज्ज्याखाली म्हणा ना. आत्यानं घरातला हंडा आणला, घागर आणली, तांब्यातलं उरलेलंसुद्धा आणलं. आणि गायली.

दूरचे पानी गो, माझे बायेच्या अंगी...

मागल्या पडवीत नाही, हळू नाही. सज्ज्यातले कारकून एकेक करून आत गेले. त्यांच्या बाया मात्र कठड्याला धरून उभ्या राहिल्या, शेवटचा तांब्या ओतून होईपर्यंत. दादा घरात कडी लावून बसला होता.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं, नुसती पोरीची फुशारकी सांगत हिंडले असते.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आलं. मांडव पताकांनी सजलेला, भटजी उंच आवाजात मंगलाष्टकं म्हणतायत, रजा काढून आलेल्या भाडेकरूंना पुढल्या सतरंज्या. आम्ही पाड्यातली माणसं कडेला. आत्या मांडवाच्या खांबाला टेकून, मुठीत अक्षता घेऊन उभी. लग्न लागलं. तिनं अक्षता टाकल्या. मग व्याही पानाचा विडा तोंडात टाकत दादाला म्हणाले, "काल आमचा माणूस निरोप घेऊन आला होता. म्हणत होता, इथे कुणी म्हातारी मोठमोठ्यानं गात होती. कोण ती?"

आत्या त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. दादानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"असतात शेजारच्या जुन्या बायका," दादा म्हणाला. "अडाणी आहेत, सांगून ऐकत नाहीत. आमचा काही संबंध नाही."

आणि ज्यांना आत्याच्या मावशीनं कान धरून उठवून बोहल्यावर चढवलं होतं, ते व्याही मान डोलवून म्हणाले, "आमच्याकडे कल्याणलाही आहेत हो अशा. काय करणार?"

दोघं हसले. दोघांचे दात पानानं लाल.

मला वाटलं आता आत्या बोलेल. मी वाटच बघत होते. ती पंगतीच्या बाजूला वळली, पानं मांडलेली बघितली, आणि मला म्हणाली, "चल गो, घागरी घे. घरान थेंब नाय."

खरंच नव्हता. होतं तेवढं पोरीच्या अंगावर गेलं होतं.

आम्ही दोघी भर दुपारी बाळकुमच्या वाटेला लागलो. मागून मांडवातला सनईचा आवाज येत होता, तो खाचरं लागली तसा विरला. आत्या पुढे, मी मागे. विहिरीवर तिनं पहिला पोहरा शेंदला. मला वाटलं, पिईल. तिनं चूळ भरली आणि लांब झुडपात टाकली. पुन्हा भरली. पुन्हा टाकली. लग्नाच्या पंगतीतलं शितही तिनं तोंडात घातलं नव्हतं, तरी ती चुळा भरतच राहिली. मी घागर धरून उभी होते. शेवटी तिनं पोहरा रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि मग आमच्या घागरी भरल्या.