केबिनचा ट्रॅक्टर आणि मामाजींची झाडं

रविवारी आमच्या काटोलजवळच्या बागेत एसी केबिनचा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला... फक्त डेमोला.

आमची संत्र्याची बाग आहे. नवरा, मंगेश, नागपूरला रामदासपेठेत नोकरीला, रोज अप-डाउन करतो. मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ट्रॅक्टरवर बसणं बंद झालं, तेव्हापासून आमचा छोटा ट्रॅक्टर मीच चालवते. नांगरट कमी, फवारणीच जास्त. मागे औषध उडवणारा ब्लोअर लावायचा आणि ओळीओळीने फिरायचं.

ट्रॅक्टर गुणी आहे. अरुंद, बुटका... झाडांखालून अलगद निघून जातो. पण वर उघडा. वारा फिरला की औषधाचा सगळा फवारा माझ्याच अंगावर. गॉगल लावा, मास्क लावा, वरून ओढणी गुंडाळा... तरी डोळे चुरचुरतात आणि घशात कडवट चव राहते.

म्हणून मंगेशने थोडा मोठा, बंद केबिनचा ट्रॅक्टर घेऊ या असा धोशा लावला. पैशाचं जमत होतं. मलाही हवा होता, खोटं कशाला बोलू! पण मन होत नव्हतं... कारण मामाजींची झाडं.

मागच्या बाजूची जुनी झाडं त्यांनी स्वतः लावलेली. आता दोन्ही ओळींच्या फांद्या वर एकमेकींत शिरल्यात. एकदा शेजाऱ्याने रस्त्यावर आलेली एक फांदी न विचारता तोडली, तर मामाजी महिनाभर त्याच्याशी बोलले नव्हते. अशा माणसाला सांगायचं कसं, की माझ्या केबिनसाठी जागा करा?

ते स्वतः या विषयावर हो म्हणत नव्हते की नाही म्हणत नव्हते. जेवताना ट्रॅक्टरचा विषय निघाला की हात धुवून उठायचे. मी त्याचा अर्थ 'नाही' असाच लावला होता.

तर रविवारी शोरूमचा माणूस आला आणि सगळं मंगेशला समजावू लागला... गिअर, एसी, आरसे. मंगेश हसून म्हणाला, "भाऊ, मले क्लच कोणता अन् ब्रेक कोणता तेही नाही कळत. चालवणारी ही आहे, हिले सांगा." तो बिचारा ओशाळला आणि मग नीट सांगायला लागला.

मी आत बसले, दार लावलं... आणि एकदम शांत! धूळ नाही, वास नाही. नाल्याकडची नवी झाडं लहान आहेत, तिथे तर लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला. मनात म्हटलं, घ्यावाच.

मग जुन्या ओळीत वळले. हळूच चालले होते, तरी छपरावर फांद्या घासायला लागल्या. आणि थोडं पुढे गेल्यावर कडाड्‌कन आवाज... हिरव्या संत्र्यांनी लगडलेली एक फांदी समोरच्या काचेवर आली.

मी इंजिन बंद करून खाली उतरले. मामाजी बांधावरून काठी टेकत येत होते. मला रडूच फुटायचं बाकी होतं. "नको, परत घेऊन जा," असं मी त्या शोरूमच्या माणसाला सांगूनसुद्धा टाकलं.

मामाजींनी फांदी उचलून बाजूला ठेवली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "काहून उतरली वं?"

"मामाजी, झाडं मोडतील सगळी... राहू द्या. लहानच बरा आहे."

"फवारणी झाली का तू रात्रभर खोकलून राह्यते. माह्या खोलीत ऐकू येते मले," ते म्हणाले. "मी बसत होतो तवा मी बी असाच खोकलत होतो. तवा नव्हतं असं काही. आता आहे, तर काहून नाही घ्यायचा? फांद्या येते परत."

बस, एवढंच. काठी टेकत परत बांधावर जाऊन बसले. शोरूमचा माणूस मोबाइलमध्ये तोंड घालून उभा.

ट्रॅक्टर बुक केला. दिवाळीच्या सुमारास फळ उतरलं की छाटणी करायची आणि मगच तो आणायचा, असं ठरलं. तोवर मंगेश माझ्यासाठी चांगला फिल्टरवाला मास्क घेऊन आलाय.

या घरात आल्यापासून मामाजी माझ्याशी मोजकंच बोलत आले. मी त्याला तुटकपणा समजत होते. भिंतीपलीकडे कोणी आपल्या खोकल्याने जागं राहत असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही... खूप भरून आलं हो.

काल संध्याकाळी ते चुन्याचा डबा घेऊन बागेत निघाले. कापायच्या फांद्यांवर खुणा करायच्या होत्या. केबिनच्या उंचीचा बांबू माझ्या हातात दिला. मी ओळीत बांबू उभा धरायचा, त्याच्या टोकाखाली येईल त्या फांदीवर ते चुन्याचं बोट ओढणार.

त्यांनी लावलेल्या पहिल्या झाडापाशी आलो. एक जाड फांदी नेमकी आडवी येत होती, तिला भरपूर फळं होती. मला राहवलं नाही... मी बांबू हळूच तिरपा केला, टोक फांदीच्या खाली जाईल इतका.

मामाजींनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"सरळ धर वं," म्हणाले, आणि चुन्यात बोट बुडवलं.